राजीखुशीची फारकत: कोर्टात नेमकं काय घडतं

माझ्या मावसबहिणीने पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला स्टँपपेपर काढला आणि टेबलावर पसरला. शंभराचा. कोपऱ्यात नोटरीचा लाल चिकटवलेला शिक्का, खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून एक आमचे काका आणि एक त्याचा मित्र. मजकूर जेमतेम चार ओळींचा: आमचं पटत नाही, आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही. "ताई, आमचं चार वर्षांपूर्वीच सुटलंय की. मग पासपोर्टवाले डिक्री कसली मागतायत?"

सुटलं नव्हतं. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सह्या माझ्यासमोर झाल्या. त्याच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. कायद्याच्या लेखी ती अजून त्याची बायको होती आणि तो तिचा नवरा. त्या चार वर्षांत दोघांपैकी कोणी बोहल्यावर चढलं असतं तर ते दुसरं लग्न रद्दबातल ठरलं असतं, आणि पहिला जोडीदार हयात असताना लग्न केलं म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला असता. वकीलसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा काका खुर्चीत जरा सरसावून बसले.

असा कागद करायची पद्धत कुठून आली तेही कळण्यासारखं आहे. 'काडीमोड' हा शब्दच मुळी काडी मोडून लग्न संपवण्याच्या रिवाजातून आलेला. पांढरपेशा समाजात घटस्फोट नव्हताच, पण कित्येक जातींत पंचांसमोर काडी मोडून फारकत व्हायची आणि बाईचा पाटही, म्हणजे दुसरं लग्नही, लागायचा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने हा रिवाज पुसून टाकला नाही, कलम २९मध्ये त्याला जागा ठेवली आहे. मात्र आमच्या जातीत अशी फारकत पूर्वापार, सलग चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. 'आमच्यात चालतं' एवढ्याने भागत नाही. ज्यांच्यात असा रिवाजच नाही, त्यांच्या स्टँपपेपरला रद्दीइतकीच किंमत. मावसबहिणीचा कागद त्यातलाच.

कुठला कायदा, कुठलं कोर्ट

पहिलं काम म्हणजे लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते पाहणं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५५चा हिंदू विवाह कायदा लागतो. 'रजिस्टर लग्न' या शब्दाने इथे फार गोंधळ होतो. प्रमाणपत्रावर महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याचं नाव असेल, तर लग्न विधीने लागलं आणि नंतर त्याची फक्त नोंद झाली. १९५४च्या विशेष विवाह कायद्याचं नाव असेल, तर बहुतेकदा लग्नच रजिस्ट्रारसमोर लागलेलं असतं आणि संमतीचा घटस्फोटही त्याच कायद्याच्या कलम २८ खाली मागायचा. नोंदणीच केली नसेल तरी घाबरायचं कारण नाही. लग्नपत्रिका, मांडवातले फोटो आणि प्रतिज्ञापत्र यावर काम होतं.

बाकीच्यांचे रस्ते वेगळे. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९चा कायदा आहे आणि त्यात संमतीचा घटस्फोट थेट २००१मध्ये आला. पारशांचा कायदा १९३६चा. मुस्लिमांमध्ये खुला आणि मुबारत हे सहमतीचे मार्ग आहेत, शिवाय बायकोला १९३९च्या कायद्याने कोर्टात जाता येतं. एका दमात तीनदा तलाक म्हणणं मात्र सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ला रद्द ठरवलं आणि २०१९पासून तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक, त्यामुळे गोव्यात घटस्फोटाच्या बोलण्यात वाटणी पहिल्याच दिवशी येते. इथून पुढे मी हिंदू विवाह कायद्याबद्दलच बोलणार आहे.

अर्ज करायला साधारणपणे चार ठिकाणं चालतात: लग्न लागलं ते गाव, दोघं शेवटचं एकत्र राहिले ते, समोरचा आता राहतो ते, आणि २००३च्या दुरुस्तीपासून, अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या राहते ते. माहेरी कोल्हापूरला परतलेल्या बाईला दाव्यासाठी ठाण्याला खेटे घालायची गरज उरलेली नाही. कौटुंबिक न्यायालय १९८४च्या कायद्याने आलं. पुण्यात आणि मुंबईत ते १९८९मध्ये सुरू झालं. जिथे ते नाही तिथे हेच काम दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं.

कौटुंबिक न्यायालयात वकील लावायचा हक्क आपोआप मिळत नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते. पण कायद्याचा मूळ हेतू असा की माणसाने स्वतः उभं राहून आपलं म्हणणं सांगावं, आणि संमतीच्या अर्जात तसं करणारे लोक असतातही. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन १५१००. हे चांगल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही ठाऊक नसतं.

संमतीच्या तीन अटी

संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब हे १९७६मध्ये कायद्यात घातलं. त्याआधी हिंदू विवाह कायद्याखाली दोघांना वेगळं व्हायचं असलं तरी एकाने दुसऱ्यावर काहीतरी दोष ठेवावाच लागे. आता तीन गोष्टी पुरतात: वर्षभर किंवा जास्त काळ वेगळे राहतोय, एकत्र नांदणं शक्य झालेलं नाही, आणि लग्न संपवायला दोघं राजी आहोत. का पटलं नाही, हे लिहावं लागत नाही. 'मतभेद झाले' एवढं वाक्य बास. आमच्या पहिल्या मसुद्यात मावसबहिणीने सासूबाईंबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते शांतपणे खोडलं आणि म्हणाले, "हे मनात ठेवा, इथे लागत नाही." तिला ते आवडलं नाही. पण ते अर्धं पान तसंच राहिलं असतं तर समोरच्याने सही केली नसती.

'वेगळे राहणे' म्हणजे दोन घरं असायलाच हवीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलंय की एका छपराखाली राहूनही दोघं नवराबायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळेच. मुंबईत वन बीएचकेत, एक जण हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये, अशी वर्षं काढणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हा निकाल फार मोलाचा.

अर्ज दाखल झाला की कायदा सहा महिने थांबायला सांगतो. त्यानंतर, पण अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की होय, अजून तेच म्हणणं आहे. दिल्लीकडचे लोक याला फर्स्ट मोशन, सेकंड मोशन म्हणतात आणि इंटरनेटवर वाचून इकडचे लोकही तेच शब्द वापरायला लागलेत. आपल्याकडे साधारणपणे एकच अर्ज दाखल होतो आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लागते. पुण्या-मुंबईत त्याला 'एफ पिटिशन' म्हणतात. भांडणाचा घटस्फोट 'ए पिटिशन', पोटगी 'ई पिटिशन'. कॉरिडॉरमध्ये नुसतं अक्षर ऐकू आलं तरी कोण कशासाठी आलंय ते कळतं.

हे सहा महिने माफ होऊ शकतात. १२ सप्टेंबर २०१७च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही मुदत पाळायलाच हवी अशी नाही. अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहून झालं असेल, समेटाचे सगळे प्रयत्न फसले असतील, पोटगी आणि मुलांचं ठरलं असेल आणि आता थांबवणं म्हणजे नुसता छळ असेल, तर न्यायाधीश ही मुदत सोडू शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो दिला म्हणजे मंजूर झालाच असं नाही, पण कागद नीट असतील तर सहसा अडत नाही. आमचे दोघं चार वर्षं वेगळे होते, म्हणून सवलत मिळाली. गंमत अशी की त्या रद्दीच्या स्टँपपेपरचा तेवढा उपयोग झाला: कधीपासून वेगळे, याची तारीख त्यावर होती.

खरं काम अटींच्या कागदावर

लोक विचारतात, कोर्टात किती वेळ लागला? कोर्टाला फार लागला नाही. वेळ गेला तो अटी लिहिण्यात. वकील याला कन्सेंट टर्म्स म्हणतात. चार-पाच पानं असतात आणि पुढची दहा-पंधरा वर्षं त्या पानांवर चालतात. तरी बहुतेक जण ती कारकुनी समजून शेवटच्या आठवड्यात उरकतात. हे वकिलाचं काम आहे, असंही म्हणतात. नाही, हे तुमचं काम आहे. वकिलाला तुमच्या घरचा गणपती ठाऊक नसतो.

गणपतीचं सांगते. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्याच्या वडिलांचं घर कोकणात, आणि पोरगं जन्मल्यापासून दरवर्षी गणपतीला गावी गेलेलं. ताबा आईकडे राहणार यावर वाद नव्हताच. मसुद्यात छापील वाक्य होतं: 'वडिलांना परस्पर सोयीने भेटता येईल.' वाचायला किती गोड! पण ज्यांची सोय जुळत नाही म्हणून आपण इथे आलोय, त्यांची मुलाच्या बाबतीत ती कशी जुळणार? दोन रविवार डोकेफोड करून ते वाक्य असं झालं: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वडिलांकडे, नेणं-आणणं वडिलांनी करायचं. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, भाऊबीज ज्या वर्षी ज्याच्याकडे येईल त्याच्याकडे. मे महिन्यात पंधरा दिवस. आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून गौरीविसर्जनापर्यंत वडिलांबरोबर गावी. शेवटच्या ओळीवर मावसबहीण अडून बसली होती, कारण तिच्या माहेरीही गणपती. शेवटी पोरालाच काय हवंय ते तिने मनात धरलं. तिथे ओढ्यात पोहायला मिळतं, हे त्याचं कारण होतं.

मुलांबद्दल आणखी दोन गोष्टी. लहान मुलाच्या पासपोर्टला साधारणपणे आईवडील दोघांची संमती लागते, तेव्हा त्यावर सही कोण करणार आणि दुसरा अडवणार नाही, हे अटींत लिहून घ्या. आणि 'मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही' असं आईने लिहून दिलं तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही. मुलाच्या ताब्याचे आणि खर्चाचे आदेश परिस्थिती बदलली की कोर्ट बदलू शकतं.

पैशांत अघळपघळ भाषा सगळ्यात जास्त नडते. पगाराचा चौथा हिस्सा, तिसरा हिस्सा अशी सूत्रं व्हॉट्सअॅपवर फिरतात, कायद्यात असं कुठलंही सूत्र नाही. दोघांची कमाई, राहणीमान, लग्नाची वर्षं, मुलं, कोणी कोणासाठी नोकरी सोडली, हे सगळं पाहून रक्कम ठरते. संमतीत ती तुम्ही ठरवता. एकरकमी असेल तर किती, कधी आणि कशाने, हे तिन्ही लिहा. आमच्याकडे निम्मी रक्कम अर्जाच्या दिवशी आणि निम्मी शेवटच्या तारखेला डिमांड ड्राफ्टने, असं ठरलं. ड्राफ्टचा नंबर पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात, लिहिला, झेरॉक्स जोडली आणि ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर हातात दिला. असे हप्ते पाडण्याला कारण आहे: हुकूमनामा, म्हणजे कोर्टाची डिक्री, होईपर्यंत कोणीही एकतर्फी संमती मागे घेऊ शकतं. ती मागे घेतली की अर्ज कोसळतो. पूर्ण रक्कम आधी देऊ नका आणि सगळी नंतर घेईन म्हणून सहीही करू नका.

'सर्व स्त्रीधन परत मिळाले' हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात आयतं असतं. दागिने खरोखर हातात आल्याशिवाय त्याखाली सही करायची नाही. आम्ही यादी केली. मावशीच्या दोन पाटल्या, तन्मणी, वेढणी, पोराच्या बारशाची चांदीची वाटी. वाटीवरून फोनाफोनी झाली, ती त्याच्या आईने ठेवून घेतली होती. आली शेवटी.

फ्लॅटवर दोघांच्या नावाने कर्ज असेल तर जास्त जपा. 'यापुढे हप्ते नवरा भरेल' असं हुकूमनाम्यात असलं तरी बँकेला त्याचं काही नाही. बँकेशी करार दोघांचा आहे, हप्ता चुकला तर बँक दोघांना धरणार. कर्जातून नाव काढायला बँकेकडे वेगळा अर्ज, आणि घरातला हिस्सा सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र. हे कोण, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने करणार, ते अटींत हवं.

एकमेकांवर केसेस असतील तर त्यांचंही याच कागदात मिटवायचं. पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज पुरसीस देऊन मागे घेता येतो. पोलिसांत सासरच्या छळाचा गुन्हा दाखल असेल, जुनं ४९८-अ म्हणजे आताचं न्याय संहितेचं कलम ८५, तर मात्र समझोता झाला म्हणून तो आपोआप मिटत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे तक्रारदार बाईने संमती द्यावी लागते. हे कधी करायचं तेही तारखेसकट लिहा.

दोघांचा मिळून एकच वकील असला तर खर्च वाचतो, खोटं नाही. पण तो वकील सहसा दोघांपैकी एकाने शोधलेला असतो. निदान अटी तरी दुसऱ्या कोणाला वाचायला द्या.

शेवटची तारीख

अर्ज छाननीतून जातो, नंबर पडतो, मग समुपदेशकांकडे पाठवतात. 'आता यांच्याकडे कशाला?' असं वाटतं, पण समेटाचा प्रयत्न करणं हे कायद्याने कोर्टाचं कर्तव्य आहे. समुपदेशक बाईंनी दोघांना आधी एकत्र आणि मग वेगवेगळं बसवलं. एकटीला त्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली: कोणी दबाव तर टाकत नाही ना?

नंतर बोर्डावर नाव लागलं. साडेदहाला बोलावलं होतं, पुकारा झाला पावणेएकला. तोपर्यंत बाकावर एकीकडे ती आणि मी, दुसऱ्या टोकाला तो आणि त्याचे वडील. पाण्याची बाटली आमच्याकडे एकच होती. त्याच्या वडिलांना खोकला लागला तेव्हा तिने ती न बोलता पुढे केली.

आत न्यायाधीशांनी विचारलं: नाव काय, लग्न कधी झालं, कधीपासून वेगळे राहता, अटी वाचल्यात का, समजल्यात का, स्वखुशीने आलात का, पुन्हा एकत्र येण्याची काही शक्यता? दोघांनी प्रतिज्ञापत्रं आधीच दिली होती. सह्या झाल्या, ड्राफ्ट दिला, ओळखपत्रं बघितली. दहा मिनिटंही लागली नाहीत. कोणी कोणाविरुद्ध काही बोलायला सांगत नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, आरोप-प्रत्यारोप नाहीत. दोघांपैकी कोणी मागणी केली तर कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापायला कायद्याने बंदी आहे.

एकाला नको असेल तर

मग रस्ता लांबतो. कलम १३ खाली कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी ती यादी. २०१८मध्ये व्यभिचार गुन्हा उरला नाही, घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायम आहे. कुष्ठरोग हे कारण २०१९मध्ये काढून टाकलं, आणि ते फार आधीच जायला हवं होतं. 'आमच्यात आता काही उरलेलं नाही' हे कारण या यादीत नाही. त्या आधारावर लग्न संपवण्याचा अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, असं १ मे २०२३च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट केलं. तालुक्याच्या कोर्टात तो मागता येत नाही. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत, फारच अपवादात्मक हाल असल्याशिवाय, अर्जच घेतला जात नाही.

अर्ज, समन्स, समोरच्याची कैफियत, समुपदेशन, मुद्दे, सरतपास (आपल्या बाजूची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद, निकाल, असा क्रम. सहा महिन्यांत निकाल लागावा असा प्रयत्न करा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. दरम्यान अंतरिम पोटगी मागता येते, आणि कलम २४ खाली ती नवराही मागू शकतो. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनी आपली कमाई, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर उघड करायची असतात. 'माझा पगार पंधरा हजार' म्हणणाऱ्याला बँकेचे उतारे जोडावे लागतात.

घटस्फोटाच्या दाव्याला उत्तर म्हणून 'नांदायला या' असा कलम ९चा दावा टाकणं ही जुनी खेळी. याच प्रकारच्या दाव्यात १८८७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं होतं. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. आता या हुकमासाठी कोणाला तुरुंगात टाकत नाहीत. उलट हुकूम होऊन वर्षभर कोणी नांदलं नाही, तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. ज्याने नांदायला बोलावलं त्याच्याच दाव्यातून समोरच्याला वाट मिळते.

अशी भांडणाची पुष्कळ प्रकरणं उलटतपासाच्या आसपास दोघं दमल्यावर संमतीत बदलून घेतली जातात. तीन वर्षं वकिलांची फी भरून माणसं त्याच चार पानांपाशी येतात.

अमेरिकेत किंवा दुबईत असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. लग्न इथे हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर तिकडच्या कोर्टाचा घटस्फोट इथे आपोआप चालत नाही. समोरच्याने तिथलं कोर्ट स्वतःहून मान्य करून कामकाजात भाग घेतला होता का, निकाल आपल्या कायद्यातल्या कारणावर आहे का, हे पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१मध्येच सांगितलंय. दोघं राजी असतील तर इथेच अर्ज करावा. कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉलवरून संमती नोंदवायला आपल्याकडची कोर्टं परवानगी देतात.

हुकूमनामा हातात आल्यावर

भांडणाच्या घटस्फोटात अपिलाची मुदत ९० दिवस. ती संपेपर्यंत, आणि अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसरं लग्न करायचं नाही. कौटुंबिक न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे तिथे थांबणं नाही. तरी सही-शिक्क्याची नक्कल हातात येईपर्यंत हॉल बुक करू नये, असं माझं म्हणणं.

हुकूमनाम्याने नावं आपोआप बदलत नाहीत. विमा, पीएफ, बँक, म्युच्युअल फंड यांचे नॉमिनी जाऊन बदलावे लागतात. माहेरचं नाव परत लावायचं असेल तर राजपत्रात जाहिरात, मग आधार, पॅन, बाकी सगळं त्यामागून. मावसबहिणीने आडनाव बदललं नाही. मुलाचं आणि आपलं एकच राहू दे, म्हणाली.

नक्कल विभागात अर्ज केला तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, किती हव्यात? आम्ही एक म्हणालो. त्याने मान वर न करता सांगितलं, "तीन घ्या. परत चकरा मारता." तीन घेतल्या. एक पासपोर्टला दाखवली, एक बँकेने मागितली. तिसरी अजून तिच्या कपाटात त्या स्टँपपेपरच्याच फाइलमध्ये आहे.